सावरगावचं उत्तर

श्रावणच्या डोक्याला दगड मागून लागला होता.

माणूस पांढुर्ण्याचा, तोंड नदीकडे, समोर सावरगाव. सावरगावचा दगड समोरून यायला पाहिजे. पण गोटमारीत, दोन गावांच्या या दगडफेकीच्या जत्रेत, मेलेल्याची जखम इथं कोण पाहतो? पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीत मेलेल्याला मारेकरी नसतो, अशी या गावाची सोय आहे.

उपनिरीक्षक तृप्तीनं जखम पाहिली. कारण श्रावण पडला तेव्हाच गोटमारीचं लाईव्ह बंद पडलं होतं.

सावरगावच्या काठावरून संदीप कॅमेरा चालवत होता. नदीच्या अलीकडे, पांढुर्ण्यातल्या एका उंच घरात, कुलदीप तो व्हिडिओ आपल्या कम्प्युटरवर घेऊन लोकांना दाखवत होता. संदीपनं मुद्दाम व्हिडिओ बंद केला, मारणाऱ्याला लपवलं, असं कुलदीपनं सांगितलं. बौद्धवाड्यातलं पोरगं, पोलिसांना उचलायला वेळ लागला नाही. त्याची आई सुशीला ठाण्याच्या पायरीवर बसून होती. कुणी दिलेलं पाणीही घेत नव्हती.

तृप्ती कुलदीपच्या खोलीत गेली. टेबलावर कम्प्युटर, शेजारी एक बंद लॅपटॉप. जादाचा आहे, तो म्हणाला. खोलीतून जिना गच्चीवर जात होता. वर सावरगावचा व्हिडिओ घेणारी बिनतारी जोडणीची तबकडी होती, खाली नदीकाठ.

त्यानं मोबाईलवर स्क्रीनचा फोटो दाखवला.

"हे पिंग, मॅडम. आपला कम्प्युटर हाक मारते, तिकडचा ओ देते. व्हिडिओ बंद, पण संदीपच्या कम्प्युटरच्या नंबरावरून उत्तर येऊन राहिलं. म्हणजे लाईन चांगली, बदमाशी त्याची."

"तू कुठं होता?"

"याच खुर्चीवर. पिंगच करून राहिलो होतो."

"बोटावर वळ कशाचा?"

"वायर ओढून."

फोटोतलं प्रत्येक उत्तर एक मिलिसेकंदाच्या आत आलेलं होतं. सगळ्या ओळी सारख्या.

तृप्तीनं सावरगावला शिपाई पाठवून संदीपचा कम्प्युटर चालू करवला. आता कर पिंग, म्हणाली. उत्तरं आली: चार, अकरा, सहा, नऊ मिलिसेकंद. पुन्हा केलं. तशीच, वरखाली.



"नदीपलीकडचं उत्तर हवेतून येते, त्याले वेळ लागते," तृप्ती म्हणाली. "तुझ्या फोटोतलं उत्तर हातभरावरून आलं. या जादाच्या लॅपटॉपले तू संदीपचा नंबर दिला. तबकडीची वायर काढली, व्हिडिओ मेला. लॅपटॉप जोडला, पिंग लावलं. पिंगले खुर्चीवर माणूस लागत नाही, कुलदीप. ते चालत राहिलं अन् तू गच्चीवर गेला. वायर काढून बोटावर असा वळ उठत नाही. तो वळ गोफणीच्या फासाचा आहे."

गोफण तबकडीच्या खोक्यातच सापडली.

खुनाचं कारण साऱ्या गावाला ठाऊक होतं. कुलदीपनं एका मजुराला बेदम मारलं होतं. पाहणारे पुष्कळ, साक्ष द्यायला तयार झाला एकटा श्रावण.

कुलदीप हसला. "गोटमारीत गोटा कोनी मारला, हे कधी कोनी सांगते का?"

"गोटमार नदीत होती. तू गच्चीवर होता."

संदीप सुटला. पायरीवर सुशीलानं त्याचा चेहरा चाचपला, मग पाणी मागितलं.

पुढच्या तारखेला सौंसरच्या कोर्टात मजुराच्या केसचा पुकारा झाला. साक्षीदार श्रावण हाजिर हो. पाहणारे सगळे मागच्या बाकांवर बसले होते. एकही उठला नाही.