उसवायच्या राहिलेल्या पट्ट्या

नाव मी सांगणार नाही, हे आधीच सांगून ठेवते. खोदून खोदून विचारू नका. नाव अगदी साधं, चारचौघींत असतं तसं. पण ते मोठ्याने घ्यायचं नाही असं मी ठरवलंय, आणि ऐकून झाल्यावर तुम्हीही विचारणार नाही.

तर एका वृद्धाश्रमात एक शिवणवाली होती. तिथे साठ म्हाताऱ्यांचे कपडे एकाच मशीनमध्ये धुतले जायचे. कुणाचा गाऊन कुणाच्या अंगात जाऊ नये म्हणून प्रत्येक कपड्याच्या गळ्यात, मागच्या बाजूला, बोटभर पांढरी पट्टी शिवायची. पट्टीवर न जाणाऱ्या शाईने नाव, चारी बाजूंनी टाके. दिवसभर हेच काम. म्हाताऱ्या तिला टाकेवाली म्हणायच्या. हात चालायचा आणि तोंड त्याहून जास्त, म्हणून सगळ्यांची लाडकी.

त्या सोमवारी तिची स्वतःची आई तिथे राहायला येणार होती. आईला हल्ली काही लक्षात राहायचं नाही, गॅस चालू ठेवून बाहेर पडायची. घरात सहा वर्षांची मुलगी, नवरा कामासाठी परगावी. आश्रमाच्या मोठ्या बाईंनी जागा दिली आणि टाकेवालीला हायसं वाटलं. आता फक्त आईच्या कपड्यांना पट्ट्या लावायच्या राहिल्या होत्या.

पट्ट्यांचा डबा काढायला तिने कपाट उघडलं. वरच्या फळीवर कोपऱ्यातल्या खोलीतल्या म्हातारीचं गाठोडं होतं. म्हातारी तीन आठवड्यांपूर्वी गेली, कपडे न्यायला काळं कुत्रंही आलं नव्हतं. गाठोड्यात बावीस कपडे, सगळे लोकरीचे नाहीतर जाड सुती, एकाला भोक नाही. आणि पट्ट्यांवर नाव? आईचंच. आडनावसुद्धा तेच. योगायोग तरी कसा असतो बघा.

ती म्हातारी महाखाष्ट होती. जन्मभर शिवणकाम केलेली, दुसऱ्याच्या हातचा टाका तिला खपायचा नाही. स्वतःच्या पट्ट्या स्वतः शिवायची, काळ्या दोऱ्याने, अगदी बारीक टाक्यांनी. गाठ सगळे आत लपवतात, ही मुद्दाम वर ठेवायची, मिऱ्याएवढी. ‘कुणी उसवली तर मला कळलं पाहिजे,’ म्हणायची. एकदा चुकून तिचा स्वेटर दुसरीच्या अंगात गेला, तर हिने भर व्हरांड्यात त्या बाईची मान धरली. “ज्याच्या अंगावर माझं नाव, ते माझं!” चार जणींनी बोटं सोडवली तेव्हा कुठे सुटली.

माणूस गेलं की आधी पट्ट्या उसवायच्या आणि मगच कपडे कुणाला द्यायचे, हा मोठ्या बाईंचा नियम होता. टाकेवालीने घड्याळ पाहिलं. ‘तेच नाव उसवायचं आणि तेच परत शिवायचं? मी काय रिकामा न्हावी आहे, भिंतीला तुंबड्या लावायला?’ ती स्वतःशीच हसली आणि गाठोडं तसंच आईच्या खोलीत नेऊन ठेवलं.

आई आली. राखाडी स्वेटर अंगात घालून खिडकीशी बसली. स्वभावाने अशी गरीब, की या हाताचं त्या हाताला कळू न देता सगळ्यांचं करत आलेली. पहिल्या आठवड्यात एकच तक्रार. “बाळ, मान टोचते गं.”

“मऊ होईल गं धुण्यात. दम धर.”

दुसऱ्या आठवड्यात मान टोचेनाशी झाली. आईने बाळ म्हणणंही सोडलं. “ए टाकेवाली,” तिने एकदा भर दुपारी हाक मारली, “माझी कात्री कुठे ठेवलीस?” आईने आयुष्यात कधी धड बटण लावलं नव्हतं. रोज जेवण झालं की ती स्वतःच्या खोलीकडे न वळता कोपऱ्यातल्या खोलीच्या बंद दारापुढे जाऊन उभी राहायची. येणाऱ्याजाणाऱ्याकडे अशी बघायची, की बाया भिंतीला घसटून जायच्या.

आई आंघोळीला गेली तशी टाकेवालीने बावीसच्या बावीस पट्ट्या उसवल्या. घाईत दोनदा कात्री बोटात घुसली. पट्ट्या चुलीत घातल्या. काळा दोरा जळताना केस जळल्यासारखा वास सुटला.

दुसऱ्या दिवशी सकाळी आई तोच स्वेटर घालून बसली होती. टाकेवालीने गळा उलटून पाहिला. पट्टी होती. काळा दोरा. गाठ वर.

तिने स्वेटर ओढून काढला. आईच्या मानेवर लाल ठिपक्यांची रांग होती, सारख्या अंतरावर, चौकोनी.

“आई...”

“कोण आई?” आईच्या तोंडून ती म्हातारी शांतपणे म्हणाली. “तुझी आई त्या सोमवारी दारातून आत आली, एवढं आठवतं. पुढे काही दिसली नाही...”

“सोडा तिला. पाया पडते. चूक माझी आहे, तिने काय केलंय?”

“सोडणारच आहे. हे कापड विरलंय, टाका धरत नाही.” म्हातारी हसली. “घरी आहे ना एक... माझ्या नावाची?”

आईचं नाव चालू राहावं म्हणून सहा वर्षांपूर्वी टाकेवालीने हौसेने ते लेकीला दिलं होतं.

चौथ्या दिवशी आई गेली. टाकेवालीने कपडे जाळले, नोकरी सोडली, घर बदललं. शाळेत अर्ज देऊन मुलीचं नाव बदलून घेतलं. वह्यांवरचं, पाण्याच्या बाटलीवरचं नाव खरवडून काढलं. घरीदारी सगळे मुलीला चिमी म्हणू लागले. कुणी जुन्या नावाने हाक मारलीच, तर ही अंगावर धावून जायची. रात्र रात्र रडायची बिचारी. तासाभराचं उसवणं वाचवायला गेले आणि आई घालवली, म्हणायची. निदान पोर तरी वाचली.

वर्ष झालं. रविवारी दुपारी चिमी पाठमोरी बसून चित्र काढत होती. लख्ख ऊन होतं.

“मान टोचते गं,” ती म्हणाली.

टाकेवाली एका ढांगेत तिच्यापाशी पोचली. फ्रॉकचा गळा उलटला. पट्टी नव्हती. दोऱ्याचा तुकडासुद्धा नव्हता. तिच्या जिवात जीव आला.

“कुठे टोचतंय, चिमे?”

पोरीने दुसरा खडू उचलला.

“चिमे... अगं चिमे!”

खडू कागदावर फिरत राहिला. मग वर्षभर न घेतलेलं ते नाव टाकेवालीच्या तोंडून निसटलं, अगदी हळू.

“ओ,” पोरीने लगेच उत्तर दिलं.

ती वळली नाही. डाव्या हाताने तिने स्वतःचे केस मानेवरून उचलून धरले, आईला नीट दिसावं म्हणून. उघड्या मानेवर बारीक टाक्यांचा एक चौकोन होता, कातडीच्या आतून घातलेला. गाठ तेवढी वर होती.