जनकाबाईची थाप

सर्व्हर म्हणजे तरी काय हो, दुकानाचं शटर. उघडं असलं तर गिऱ्हाईक आत, नाहीतर समोरच्या लॉजवर. शेगावच्या भाऊरावांनी हे शटर स्वतःच बसवलं होतं. व्हिडिओ पाहून पाहून जिन्याखालच्या कोठीत जुना कॉम्प्युटर मांडला आणि आपल्या लॉजची वेबसाइट त्याच्यावर चढवली. मशीन अडलं की त्यांच्या बायको जनकाबाई स्वयंपाकघरातून कणकेच्या हातानंच यायच्या, "ऊठ रे मुडद्या!" म्हणून त्याच्या टाळक्यात थाप घालायच्या. मशीन मुकाट्यानं उठायचं.

जनकाबाई गेल्या. सून रुपालीनं बजावलं, "मामाजी, आता एकडाव साइट बंद पडली, की हे भंगारात. सर्व्हर भाड्यानं घेऊ."

भाऊरावांनी मान हलवली. पण बायकोचा हात ओळखणारी घरात तेवढीच एक वस्तू उरली होती.

एकादशीची दुपार, गर्दीचा दिवस. मलकापूरच्या एका भक्ताचा फोन आला. "भाऊ, तुमची साइट उघडून नाही राह्यली."

रुपालीला कळायच्या आत भाऊराव चपला हातात घेऊन कोठीकडे निघाले. जिन्याखाली अंधार, विझलेल्या उदबत्तीचा वास. कुलपाला किल्ली लावणार, तोच आतून...

थप्प.

पुन्हा थप्प. मग पंख्याची घरघर.

फोन वाजला. "उघडली भाऊ! रूम भेटली."

"मामाजी..." मागे रुपाली उभी. "आत कोणाले मारून राह्यले?"

"मी त बाहीर आहो ना वं..."

दार उघडलं. मशीनवर हिरवा दिवा. भाऊरावांचा पाय वायरीत अडकला आणि त्यांना आठवलं... सकाळी मशीनला निरांजन ओवाळताना भडका नको म्हणून पिन आपणच काढली होती. लावायची राहिली. पिन अजून फरशीवरच होती.

"याच्यात बॅटरी हाय का?" रुपाली कुजबुजली.

"होती. तुह्या सासूच्या आधीच गेली..."

रुपालीनं मोबाईलचा उजेड पाडला. मशीनच्या झाकणावर पाच बोटं उमटली होती, ओल्या कणकेची.

घरात सकाळपासून भगर आणि शेंगदाण्याची आमटी. कणीक कोणी मळलीच नव्हती.

"राहू द्या मामाजी... भंगारवाल्याले मी नाही म्हणते."

सुटलो, म्हणत भाऊराव पिन उचलायला वाकले.

थप्प.

रुपाली दारात होती. भाऊरावांनी टकलावरून हात फिरवला. चिकट लागलं.