तिने लाकूड बघितलंच नाही

फ्लॉरेन्समधल्या ओर्नेलाच्या चामडेकामाच्या दुकानात दूच्चो शिरला तोच डोक्यावर खुर्ची घेऊन, आणि दारातच अडकला!

“आधी खुर्ची येणार, की आधी तुम्ही?” ओर्नेलाला हसू आवरेना.

दूच्चो मात्र हसला नाही. कधीच वारलेल्या वडिलांच्या खुर्चीचं चामडं तळघरातल्या ओलीने कुजलं, म्हणून त्याने ते फाडून फेकलं होतं. आणि आता अंथरुणाला खिळलेल्या, डोळे गेलेल्या आईने एकच धोशा लावला होता — जाण्याआधी एकदा मला ह्यांच्या खुर्चीत बसव.

“नवं चामडं तिला कळता कामा नये,” तो म्हणाला. “फार दिवस नाहीत...”

जुनं वाटावं म्हणून ओर्नेलाने नवं चामडं स्पिरिटने पुसलं, भिजवून चुरगळलं, सुरकुत्यांत काळपट मेण भरलं. पण काचकागदाने झिजवायचं कुठे?

“बाबा बसायचे कसे?”

“माझ्यासारखेच. सगळे म्हणतात, हुबेहूब बाप!”

“मग बसा सांगाड्यावर. आणि हलू नका.”

“रोज यावं लागेल?”

“काम नीट हवं असेल तर... रोज.” धडधडीत खोटं! एका बैठकीत भागलं असतं.

तो रोज यायचा. डावा कोपर खुर्चीच्या हातावर, मान किंचित कलती... ती बघायची आणि घासायची. बघता बघता ‘तुम्ही’चं ‘तू’ झालं.

“इतकं काय बघतेस?”

“चामडं!”

“ते तर तुझ्या हातात आहे...”

ओर्नेला कानापर्यंत लाल झाली.

खुर्ची घरी आली, सोबत ओर्नेलाही. दूच्चोने आईला अलगद उचलून बसवलं. तिची बोटं खुर्चीच्या दोन्ही हातांवरून फिरली, डावीकडच्या झिजेवर थबकली.

“ही ह्यांची नाही. ते उजवीकडे रेलायचे. डावा खांदा दुखायचा त्यांचा. तू इवलासा होतास रे, तुला कुठलं आठवणार!”

ओर्नेलाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. कारागिराने आधी सांगाडा बघायचा असतो. खुर्चीचं लाकूड उजवीकडेच झिजलं होतं; ती मात्र पोरालाच बघत बसली होती.

“माफ करा... माझं चुकलं.”

“हा कोपर तर माझ्या लेकाचा. त्याला एवढं निरखून कुणी बघितलं नव्हतं गं,” म्हातारी म्हणाली. मग हुंदका फुटला तिला. “पण मला त्यांच्या जागी बसायचं होतं... उचल रे मला.”

दोन दिवसांनी ती गेली, अंथरुणातच.

दफन उरकून लोक पांगले. दूच्चो दफनभूमीच्या फाटकाशी ओर्नेलासाठी थांबला होता.

“राग आलाय मला तुझा,” तो म्हणाला. “माझाही.”

“यायलाच हवा.” ओर्नेला वळली. “मी निघते.”

“ओर्नेला —” त्याने तिची बाही धरली. “घरात कुणीच नाही गं आता... आणि मला तूच हवी आहेस.”

ती रडत रडत त्याच्याबरोबर घराकडे चालू लागली.