डब्यात ठेवलेले बूट

मी झाकण उचललं आणि आतून आवाज आला, "जरा सावकाश... खाली डोकं आहे."

हातातली पिशवी त्याच डोक्यावर पडायची राहिली. आमच्या सुपरमार्केटच्या मागच्या दाराशी असलेला तो कचऱ्याचा डबा चांगला छातीइतका उंच होता. मी बेकरी विभागात कामाला होते. कालचे न खपलेले पाव आणि केक दुकान उघडायच्या आत त्या डब्यात टाकणं हे माझं रोजचं पहिलं काम. डब्यात माणूस भेटण्याची ही पहिलीच वेळ.

तो उभा राहिला. माझ्याच वयाचा असेल. खांद्यावर कोबीचं पान, आणि चेहरा असा, की जणू मीच त्याच्या घरात न विचारता घुसले होते.

"काय करताय आत?"

"नाश्ता शोधतोय. तुमच्या हातात काय आहे?"

"कालचे पाव." का कोण जाणे, मी पिशवी पुढे केली. "घ्या."

"नको, नको. देऊ नका. टाका."

"म्हणजे?"

"मी दिलेलं घेत नाही. टाकलेलं घेतो."

मला वाटलं थट्टा करतोय. पण तो वाट बघत राहिला. शेवटी मी पिशवी त्याच्या पायाशी टाकली. त्यानं ती अदबीनं उचलली, पावाचा वास घेतला आणि इतका छान हसला, की दिवसभर माझ्या हातून केकवरची नक्षी वाकडी येत राहिली.

दुकानातले लोक त्याला फुकट्या म्हणायचे. तो बऱ्याच दिवसांपासून येत होता म्हणे. लवकर येऊन लवकर जायचा, म्हणून मला दिसला नव्हता. त्यानंतर मात्र तो रोज उशिरा यायला लागला आणि मी रोज लवकर. याला योगायोग म्हणायचं असेल तर म्हणा.

माल उतरवायच्या ओट्यावर पत्र्याचं छप्पर होतं. पाऊस असला की आम्ही तिथे बसायचो, मधे एक पाव ठेवून. तो काहीच विकत घेत नव्हता. अन्न नाही, कपडे नाहीत, काही म्हणजे काही नाही. एका बंद पडलेल्या छापखान्यामागची खोली तिथल्या म्हाताऱ्या मालकिणीनं त्याला वापरू दिली होती. तिची गळकी कौलं आणि मोडकी दारं तो दुरुस्त करायचा. लोकांनी रस्त्यावर काढून ठेवलेल्या खुर्च्या, दिवे, पंखे उचलून आणायचा, नीट करायचा आणि ज्याला हवं त्याला देऊन टाकायचा.

"पण हा हट्ट कशासाठी?" मी विचारलं.

"तूच तर रोज टाकतेस. तुला जास्त माहीत." तोवर आम्ही 'तू'वर आलो होतो. "एवढं बनवायचं, एवढं फेकायचं. त्यात आणखी एक गिऱ्हाईक कशाला हवंय?"

"म्हणजे सगळे तुझ्यासारखे झाले, तर माझी नोकरी गेलीच."

"मग तूही ये डब्यात. जागा आहे."

"आमंत्रण देताना माणसं निदान कोबीचं पान तरी झटकतात."

तो खांदा झटकायला लागला. पान त्या दिवशी नव्हतंच. मी हसत सुटले, आणि तो लाजला... मला तर वाटतं, माझं काम तिथेच तमाम झालं.

हळूहळू मी चांगले पाव वेगळे काढायला लागले. स्वच्छ पिशवीत घालून, गाठ न मारता, डब्यात सगळ्यात वर ठेवायचे. त्याला काही बोलले नाही. तोही काही बोलला नाही.

मग थंडी पडली, तरी पाऊस हटेना. त्याच्या बुटांचे तळवे सुटले होते, ते त्यानं तारेनं बांधले होते. पाणी आत शिरायचं, आणि त्याचा खोकला मला डब्यापासून थेट भट्टीपर्यंत ऐकू यायचा. मला रात्री पांघरुणात शिरताना लाज वाटायला लागली.

"एक जोडी बूट घेतलेस तर जग बुडणार नाही," एका सकाळी मी चिडून म्हटलं. "नाहीतर मी घेते."

त्यानं पाव खाली ठेवला.

"माझ्या वडिलांनी मला सगळं दिलं," तो म्हणाला. "सायकल, शिक्षण, हातातलं घड्याळ... आणि सगळं बोलून दाखवलं. नेमकं जेवताना, ताट वाढल्यावर. घास तोंडात असायचा आणि गिळता यायचा नाही. त्या घरातून निघालो, तेव्हाच ठरवलं. टाकलेल्या वस्तूला तोंड नसतं. ती काही ऐकवत नाही."

त्याचा हात धरावासा वाटला. पण हात देणं हेही देणंच झालं असतं, अशी काहीतरी वेडी शंका मनात आली आणि मी हात खिशात घातला.

तो गेला, तेव्हा ओट्यावर त्याच्या बुटाचा ओला ठसा उमटलेला होता. मी केकच्या खोक्यांना बांधायची फीत आणली, ठशावर धरली आणि तेवढी कापून घेतली. संध्याकाळी ती फीत दाखवून चांगल्या जाड तळव्याचे, आतून लोकरीचे बूट विकत घेतले.

मी ताईकडे राहायचे. ती गॅलरीत आली, तेव्हा मी नवेकोरे बूट विटेवर घासत होते.

"डोकं ठिकाणावर आहे ना तुझं?"

"जुने दिसायला हवेत गं."

ताईनं माझ्याकडे बघितलं, मग बुटांकडे, मग पुन्हा माझ्याकडे. तिला फुकट्याबद्दल ठाऊक होतं. "लोक नवरा शोधायला कुठे कुठे जातात," ती म्हणाली, "आणि आमची ही कचऱ्याच्या डब्यापाशी." पण आत जाऊन तिनंच भावोजींच्या बुटांच्या जुन्या नाड्या काढून आणल्या.

दुसऱ्या दिवशी मी ते बूट पिशवीखाली, डब्याच्या कोपऱ्यात ठेवले आणि दाराच्या फटीतून बघत राहिले. त्यानं ते उचलले, उलटसुलट केले, तिथेच बसून घातले. मग चार पावलं चालून बघितली. किती आनंद झाला होता त्याला! मलाही झाला, खोटं कशाला बोलू?

पुढचे काही दिवस पाऊस थांबला होता, खोकलाही उतरला. आणि एका सकाळी तो माझ्यासमोर येऊन उभा राहिला. बसला नाही.

"तुला एक सांगायचंय. मी नोकरी धरणार होतो. एका गोदामात... बोलणंही झालं होतं."

"नोकरी? तू?"

"तुझ्यासाठी. मी असा. थंडी अशी. तुला काय घेऊन विचारायचं?" तो अडखळला. "मनातून मोडलो होतो गं. म्हटलं, वडील म्हणायचे तेच खरं, माझ्यानं हे व्हायचं नाही. आणि त्याच सकाळी हे बूट मिळाले. बरोब्बर तेव्हाच! म्हटलं, बघ, काही कमी पडत नाही आपल्याला. गोदामाला नाही म्हणून कळवलं. आता... माझ्याबरोबर राहशील? असंच, काही विकत न घेता?"

इतके दिवस जे ऐकायची वाट बघत होते, ते तो बोलला होता, पण त्या बुटांच्या भरवशावर. नुसतं 'हो' म्हटलं असतं, तर त्याला कधी कळलंही नसतं. पण पुढचा सगळा जन्म मला त्याच्या पायांकडे बघता आलं नसतं.

"ते बूट कोणी टाकले नव्हते," मी म्हटलं. "मी विकत घेतले. विटेवर घासले. डब्यात मी ठेवले."

तो हसला, थांबला, पुन्हा हसायला गेला आणि ते जमलं नाही. ओट्यावर बसून त्यानं नाड्या सोडल्या. बूट काढून माझ्याजवळ एकाला एक लावून ठेवले. नुसत्या मोज्यांवर, थंडगार रस्त्यावरून तो निघून गेला.

तो पुन्हा आला नाही. मी पाव ठेवत राहिले आणि कचरागाडी ते नेत राहिली. आधी मी खूप रडले. मग मला राग आला, आणि राग आल्यावर बरं वाटलं. सुट्टीच्या दिवशी दुपारी मी बूट पिशवीत घातले आणि छापखान्यामागच्या खोलीवर गेले.

दार उघडंच होतं. तो एका खुर्चीचा पाय बसवत होता. पायांत दोन चपला, एक निळी, एक तपकिरी. खोलीत शाईचा जुना वास होता, आणि खिडकीला तीन वेगवेगळे पडदे शेजारी शेजारी लावलेले होते.

"बस," तो म्हणाला. "ही पक्की झालीय."

मी बसले नाही. "डब्यातली सगळ्यात वरची पिशवी आठवते? स्वच्छ, बिनगाठीची? ती काय आपोआप वर येत होती?"

त्यानं खुर्चीच्या पायावर आणखी एक घाव घातला.

"या म्हातारबाईंनी खोली टाकली होती रस्त्यावर, म्हणून उचललीस? त्यांनीही दिलीच ना तुला? इतके दिवस दिलेलंच खातोयस आणि दिलेल्यातच राहतोयस. फक्त देणाऱ्याच्या तोंडाकडे बघायचं नाही, एवढंच तुझं व्रत!" माझा आवाज चढला होता. "मी विकत घेणं सोडेन. तुझ्याबरोबर डब्यात उतरेन. ते मला पटलंय. पण मी तुला काही द्यायचंच नाही, हे नाही जमणार. तू आवडतोस मला. आवडलेल्या माणसाला दिल्याशिवाय मला राहवत नाही."

"आणि मग बोलून दाखवशील," तो हळूच म्हणाला.

"कधीतरी दाखवेन. भांडण झालं, की दाखवेन. खोटी शपथ नाही घेणार. तोंड आहे मला. तूही मला काहीतरी दे आणि बोलून दाखव! पण तुझ्या घशातला घास मी अडू देणार नाही, एवढं नक्की."

त्यानं हातोडी खाली ठेवली. मग त्यानं पिशवीतून बूट काढले, खुर्चीवर बसून एक पाय आत घातला, आणि तोंड वाकडं केलं.

"काय झालं?"

"काही नाही."

"सांग."

"चावतात." तो अपराध्यासारखा म्हणाला. "पहिल्या दिवसापासून. लहान होतात मला. अंगठा दुमडून चालत होतो."

"आणि सांगितलं नाहीस?"

"फुकट मिळालेल्याला नावं कशी ठेवायची?"

"पण मी माप घेतलं होतं! तुझ्या पावलाच्या ठशावरून—"

"तो त्या जुन्या बुटांचा ठसा. तेही लहानच होते. कोणाचे होते कोण जाणे."

"मग तुझं माप काय?"

तो खरोखर विचारात पडला. "माहीत नाही," तो म्हणाला. "जे सापडेल ते घालत आलो."

माझा सगळा राग कुठच्या कुठे गेला. मी जमिनीवर बसले, बूट काढला, मोजा उतरवला. अंगठ्याचं नख काळंनिळं झालं होतं. मी त्याचा थंड पाय मांडीवर घेतला आणि टाचेपासून वीत लावली. वीत पुरली नाही. पुढे चार बोटं ठेवली, तरी अंगठा उरलाच.

"एवढा मोठा आहे?" त्यालाच नवल वाटलं.

"एवढा मोठा आहे."

"तू... येशील माझ्याबरोबर शोधायला? कोणीतरी टाकले असतील, माझ्या मापाचे."

"येईन. आणि नाहीच सापडले तर?"

त्याच्या ओठांपर्यंत आलेला शब्द दोनदा मागे गेला. मला दिसत होतं त्याला काय जड जातंय. मी त्याला मदत केली नाही.

"तर तू दे," तो म्हणाला.

"आणि मी बोलून दाखवलं तर?"

"ऐकेन," तो म्हणाला, आणि त्यानं पाय मागे घेतला नाही.