डोंगरीवरचा जबाब

मी जन्माचा मस्कऱ्या. चौथीत दोनदा नापास झालो, तेव्हा गुरुजींचा चष्मा म्हशीच्या शिंगाला बांधून आलो होतो. हसा, हसा. पण पुढचं ऐकताना माझ्याकडं बघू नका, कंदिलाकडं बघा.

गेल्या चैतात तालुक्याच्या कचेरीतून बोलावणं आलं. पुण्याहून नीलिमाबाई आल्या होत्या. चाळीस वर्षांपूर्वी आमच्या गावामागच्या डोंगरीवर एक लहान विमान पडलं. आत एकटा वैमानिक, गोपाल. तो या बाईंचा बाप. त्या अपघाताच्या चौकशीचे जुने कागद शोधायला त्या आल्या होत्या, अन् कागदांत साक्षीदार म्हणून नाव माझं, मुखरू गुराखी.

आता खरं सांगतो. चौकशीला दिल्लीचे साहेब आले, टेबलावर चहा-बिस्किटं दिसली, अन् मी ठोकून दिलं. म्हटलं, विमानवाला जित्ता होता, मले पाणी मांगलन, मी तुंब्यातलं पाजलं. मी त्या दिवशी तिकडं फिरकलोही नव्हतो. साहेबांनी लिहून घेतलं, मी सही केली, चहा प्यालो. आठ दिवस गाव हसत होतं.

बाई म्हणाल्या, "आई जाताना म्हणत होती, त्यांना शेवटचं पाणी तरी मिळालं. तेवढं एकदा डोळ्यांनी वाचायचंय, भाऊ. तुमच्या पाया पडायचंय."

मी पाय मागं घेतले. सांगणार होतो. तेवढ्यात बाबू गठ्ठा घेऊन आला.

रेकॉर्डचा बाबू अतुल. त्यानं लाल फडक्याचा गठ्ठा सोडला. वाळवीचा, वटवाघळांचा वास आला, अन् त्याखालून जळक्या तेलाचा. भर दुपार होती, तरी त्यानं बल्ब लावला.

पहिल्या पानावर माझं खोटं. अतुलनं वाचलं. बाईंनी डोळे मिटून ऐकलं. त्यानं पान उलटलं अन् माझ्याकडं पाहिलं.

"वाच ना बे," मी म्हणालो.

"भाऊ... हे तुमीच घुसवलं ना? खरं सांगा. मले नोकरी करायची हाये."

"मी काऊन घुसवू? कुलूप तुह्याजवळ."

मग त्यानं वाचलं, दबक्या आवाजात.

"जबाब देणाराचे नाव, गोपाल. धंदा, विमान चालवणे. हल्ली राहणार, डोंगरीवर. मुखरू गुराखी मला पाणी पाजल्याचे सांगतो, ते खरे नाही. मला अद्याप पाणी मिळालेले नाही. जबाब वाचून पाहिला, बरोबर आहे."

बाईंनी सहीवर बोट ठेवलं. पर्समधून बापाचं लायसन काढलं, शेजारी धरलं.

"सही त्यांचीच आहे."

तारीख पाहिली. विमान पडल्याच्या चौथ्या दिवसाची. तिसऱ्या दिवशी तर त्याला सरणावर ठेवलं होतं. लाकडं आम्हीच वाहिली.

"भाऊ... पाजलं होतं ना?"

"नाई, बाई."

त्या रागावल्या नाहीत. टेबलावरची पाण्याची बाटली उचलली. "चला."

तिघं डोंगरी चढलो. मोहफुलं पडली होती, पण वेचायला कोणी नाही, वर पाखरू नाही. विमान पडलं ती जागा अजून उघडी, गवताची काडी नाही. बाईंनी बाटली माझ्या हातात दिली.

"तुम्हीच."

मी बाटली वाकडी केली. पाणी पडताना डोळ्यांनी पाहिलं. खाली माती भिजली नाही. अतुलनं त्याची बाटली ओतली. तीही तशीच गेली.

"अजून..."

मी बाईंकडं पाहिलं. बाईंनी अतुलकडं. अतुलनं माझ्याकडं पाहिलं, जन्मभर सगळे पाहतात तसं.

"मी नाई बोललो रे," मी म्हणालो.

तेव्हापासून रोज प्लास्टिकच्या दोन डबक्या भरून पाणी वर नेतो. या वयात गुडघे बोंबलतात, पण नेतो. दर रविवारी बाईंचा फोन येतो. "भिजली का, भाऊ?" भिजली म्हणायला मला काय जातं? आजवर किती जणांना काय काय सांगितलं. पण फोनवर बाईंच्या श्वासामागं अजून एक श्वास ऐकू येतो, म्हणून खरं तेच सांगतो.

गेल्या पावसाळ्यात आठ दिवस झड लागली. नाला फुगला, वाट वाहून गेली. तरी छत्री घेऊन चढलो. चहूकडं चिखल होता. मधे पुरुषभर लांबीची जागा, अन् तिथं धूळ उडत होती.