निळ्या वायरीची चप्पल

मुलांनो, डोळे मिटा आणि माझ्यासोबत मुदखेडच्या एका शाळेत चला. रविवारची भर दुपार. रिकामा व्हरांडा. संगणक कक्षाच्या दाराशी चपला काढा.

हे खरं घडलंय. मी तिथं होतो. अजून माझा राग गेलेला नाही.

चपला बाहेर, हा धम्मानंदचा नियम. माझा विद्यार्थी, पुढे तिथलाच संगणक शिक्षक. धूळ मशीनला मारते, म्हणायचा. त्याच्या चपलेचा तुटका पट्टा त्यानं निळ्या नेटवर्क वायरनं बांधला होता. त्याची लेक लुंबिनी रोज सकाळी त्या चपला लपवायची. बाबा घरीच राहावा म्हणून.

उन्हाळ्यात तो अपघातात गेला. त्या चपला मी स्वतः चितेवर ठेवल्या.

मग संस्थेचे सचिव बालाजीराव यांनी घाईनं नवा सर्व्हर आणवला. तो बसवायला आलेल्या लातूरच्या वीरेशनं जुना चालू असतानाच नव्याला जुन्याचं नाव दिलं. कुणाला आत सोडायचं हे ठरवणाऱ्या सर्व्हरला डोमेन कंट्रोलर म्हणतात. आता एका वर्गात दोघं हजेरी घेऊ लागले तर?

तसंच झालं. एकाही मुलाचा पासवर्ड चालेना. दहावीचे प्रकल्प आत अडकले.

दोष कुणाला? मेलेल्याला.

धम्मानंदच्या बायकोला, महामायाला, त्याच्या जागी अनुकंपेवर नोकरी मिळायची होती. तिनं विनवलं म्हणून मी त्या रविवारी शाळेत गेलो. लुंबिनी हट्टानं आली, पाठीवर दप्तर टाकून.

"तुझ्या बापानं जाताना खोडी करून ठेवली," बालाजीराव त्या पोरीला म्हणाले. "आज सुरू झालं न्हाई, तर आईला सांग, नोकरी इसर."

"बालाजीराव, आधी बूट काढा," मी म्हणालो.

"गुरुजी, रिटायर झालात ना? मग शिकवणं सोडा की."

वीरेशनं जुन्या सर्व्हरची विजेची वायर उपटली. नव्यावर बॅकअप चढवला. अडकला. पुन्हा चढवला. पुन्हा अडकला.

मग...

घर्रर्र.

जुन्या सर्व्हरचा पंखा फिरू लागला.

"वायर लावली का रं?" बालाजीराव ओरडले.

वीरेशनं मूठ वर केली. वायर मुठीतच होती.

"म्या काहीच केलं न्हाई, साहेब."

मागच्या रांगेतला एक पडदा उजळला... मग त्याच्या शेजारचा... मग पुढचा. कुणीतरी बटणं दाबत चालत यावं तसे.

प्रत्येकावर एकच नाव. धम्मानंद.

"हे खातं तर म्या काढून टाकाय लावलं होतं," बालाजीराव पुटपुटले.

पंखा थांबला. नव्या सर्व्हरवर मुलांची सगळी कामं जशीच्या तशी होती.

"पोरीची माफी मागा," मी म्हणालो.

ते दाराकडे निघाले. उंबऱ्याशी थबकले.

बाहेर माझ्या वहाणा. वीरेशचे बूट. लुंबिनीच्या सपाता.

आणि शेजारी... आणखी एक जोड. एका पट्ट्याला निळी वायर.

बालाजीरावांनी तिथंच आपले बूट काढले.

महामाया आता त्याच शाळेत कामाला आहे. माफी मात्र बालाजीरावांनी आजवर मागितली नाही. माझा राग तसाच आहे. आणि भीतीही. कारण त्या दुपारी लुंबिनी त्यांच्या शेजारून बाहेर गेली. रडली नाही. खाली बसली.

तिनं त्या दोन्ही चपला उचलून दप्तरात घातल्या आणि चेन ओढून घेतली.