शनिवारची गळती

तेजश्रीने नवनाथला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्याच्या हातात कोंबडीचं अंडं होतं.

चौक गावात जुन्या हायवेवर, ढाब्यांच्या रांगेत तिच्या वडिलांचं, आबाजी मिस्त्रींचं गॅरेज. दुपारच्या वेळी टेंपोतून एक गंजलेली, तिच्या जन्माच्याही आधीची फटफटी खाली उतरली, आणि तिच्यामागून हा उंच, सावळा, चष्मेवाला तरुण अंडं जपत उतरला.

"टूलबॉक्समध्ये मिळालं," तो ओशाळून म्हणाला. "गाडी गोठ्यात पडून होती ना... कोंबडी तिथंच बसायची."

"मग कोंबडीला विचारून आणलीत का?"

तो हसला. आता माणसं हसतातच, त्यात काही नवल नाही. पण तेजश्रीला हातातला पाना कुठं ठेवायचा तेच सुचेना.

नवनाथ कर्जतकडच्या कळंबचा. गुरांच्या सरकारी दवाखान्यात लसी टोचायचं काम, म्हणून गावोगाव सगळे त्याला डॉक्टर म्हणत. खालापूरकडच्या एका वाडीत म्हैस बघायला गेला आणि गोठ्यामागची फटफटी बघून तिच्या प्रेमात पडला. अशी माणसं असतात.

आबाजींच्या बोटांना दोन वर्षांपासून कंप सुटला होता. ते आता खुर्चीत बसून फक्त बोलत, आणि बोलण्यात कंप अजिबात नव्हता. त्यामुळे हे इंजिन तेजश्रीने एकटीने खोललं, एकटीने बांधलं. आयुष्यातलं पहिलं. दोन महिने खपून तिने किक मारली आणि इंजिन धडधडलं, तेव्हा शेजारचा ढाबेवालासुद्धा झारा घेऊन बाहेर आला.

पण आबाजींचा एक नियम होता. बांधलेलं इंजिन गिऱ्हाइकाने आठवडाभर चालवायचं आणि शनिवारी आणून कोऱ्या कागदावर उभं करायचं. तासाभराने कागद कोरा निघाला तर इंजिन पास. नाहीतर पुन्हा काम, पुन्हा पुढचा शनिवार. आणि हे इंजिन पास झाल्याशिवाय तेजश्रीच्या हाती दुसरं पडणार नव्हतं.

पहिल्या शनिवारी नवनाथने बाजूला टांगलेली लसींची बर्फपेटी सोडवून सावलीला ठेवली आणि गाडी कागदावर उभी केली. तासाभराने कागदावर तेलाचे तीन थेंब.

"इथूनच गळतंय, खालून," तो वाकून म्हणाला.

"थेंब पडतो खालून. तेल निघतं भलतीकडून, आणि वाऱ्यानं मागं पळतं." तिने इंजिन रॉकेलने लख्ख धुतलं, कोरडं केलं आणि घरातला पावडरचा डबा आणून त्यावर भुरभुरवला. "आता जिथनं तेल येईल तिथं पावडर ओली दिसंल."

"गुलाबाचा वास येतोय."

"आईची पावडर हाय. तुमच्या म्हशींना लावता का?"

"त्या लावून घेत नाहीत," तो म्हणाला, आणि दोघंही पांढऱ्या इंजिनासमोर उकिडवे बसून राहिले... खांद्याला खांदा लागणार नाही इतपत अंतर ठेवून, पण त्याहून जास्त नाही.

वरच्या झाकणाचं पॅकिंग दबलं होतं. तिने बदललं. दुसऱ्या शनिवारी पुन्हा थेंब. तेल सोडायच्या नटाचा तांब्याचा वायसर कडक झालेला. तिने तो लालबुंद तापवून पाण्यात टाकला, मऊ करून परत बसवला. तिसऱ्या शनिवारी गॅरेजात इंजिन कितीही चालवलं तरी पावडर कोरडी ठणठणीत. तो रस्त्याने आला की मात्र तीन थेंब. चौथ्या शनिवारी तेच.

"माझा पेशंट हंबरतो तरी," नवनाथ म्हणाला. "तुमचा नुसता टिपं गाळतो."

तेजश्री हसली, पण मनातून चरकली. गळतीने नाही. गुरुवारपासूनच आपण कर्जतच्या रस्त्याकडे बघायला लागतो, हे तिच्या ध्यानात आलं होतं म्हणून. इंजिन पास झालं की हा माणूस कशाला येईल? कळंबहून चौक काही कुणाच्या वाटेवर नाही.

पाचव्या शनिवारी ती म्हणाली, "चालत्या गाडीवर बघायला लागंल. मी मागं बसते."

"जा गं," आबाजी म्हणाले. "पण डोळे इंजिनावर ठेव."

तिने पावडर मारली, नवनाथने पेटी टांगली आणि गाडी कर्जतच्या रस्त्याला लागली. शेतांत भाताला लोंब्या आल्या होत्या, हवेत त्यांचा कोवळा, दुधाळ वास होता. पावडर उडून दोघांची पावलं पांढरी झाली. तेजश्री वाकून इंजिनाकडे बघत होती. अधूनमधून, खरं सांगायचं तर, त्याच्या मानेकडेही.

एका वळणावर इंजिनाच्या सांध्याशी पावडर ओली झालेली तिला दिसली. आणि लगेच कारणही दिसलं. बर्फपेटीचा पट्टा एका रबरी नळीवरून करकचून आवळलेला होता. इंजिनाच्या पोटातली हवा बाहेर पडायची तीच एक वाट. ती बंद झाली की आतला दाब वाढतो आणि तेलाला मिळेल त्या फटीतून बाहेर ढकलतो. गॅरेजात आला की नवनाथ आधी पेटी सोडवायचा, नळी मोकळी व्हायची, गळती गायब!

इंजिनात काहीच दोष नव्हता. तिचं काम चोख होतं. एका बोटाने पट्टा सरकवला असता तरी झालं असतं.

तिने बोट पुढे केलं... आणि मागे घेतलं.

"सापडलं का?" वाऱ्यातून त्याने ओरडून विचारलं.

"नाय!" ती म्हणाली. परत आल्यावर वडिलांनाही तेच सांगितलं. हत्यारं हातात धरल्यापासून ती पहिल्यांदाच खोटं बोलली होती.

पुढच्या शनिवारी नवनाथ आला, पेटी काढून ठेवली आणि हाताची घडी घालून बाकावर बसला.

"काय झालं?"

"ढाब्यावर चार जण म्हणत होते, मिस्त्रीच्या पोरीनं बांधलेलं इंजिन गळणारच. भांडून आलो मी. म्हटलं, दोष असेल तर माझ्या चालवण्यात असेल. तिच्या हातात नाही."

तेजश्री फडक्याला हात पुसत राहिली, स्वच्छ झाले तरी पुसत राहिली.

"दोष सापडलाय," ती म्हणाली. "मागच्याच शनिवारी. तुमच्या पेटीचा पट्टा नळीवर आवळला जातो. एवढंच हाय."

"मग... बोललात का नाही?"

"बोलले असते तर आज आला असता का तुमी?"

नवनाथ उठला, पेटी पुन्हा टांगली, पट्टा नळीपासून दूर बांधला, किक मारली आणि निघून गेला.

"काय गं, डॉक्टर न सांगता गेलं?" आबाजींनी विचारलं.

"गेले." तिला रडू फुटलं, ते तिने रॉकेलच्या वासावर ढकललं. आपल्याच हाताने आपण माणूस घालवला, असं तिला वाटलं, आणि वाटण्यासारखंच होतं.

तासाभराने ओळखीची धडधड आली. नवनाथने पेटीला हात न लावता गाडी थेट कागदावर उभी केली आणि तेजश्रीपासून हातभर अंतरावर, उपड्या डब्यावर बसला. तास भरला तसे आबाजी काठी टेकत आले, वाकले आणि कागद उन्हाकडे धरला.

"कोरा!" ते म्हणाले. "पास. तेजू, उद्यापासून इंजिनं तुझी."

याच शब्दांसाठी ती इतके महिने झुरली होती. आता तिने कागदाची घडी केली आणि नवनाथकडे बघितलं.

"मी रागावलो होतो," नवनाथ हळूच म्हणाला. "कर्जतच्या पुलापर्यंत राग होता. मग तिथं थांबलो. म्हटलं, गाडी पास झाली तर शनिवारी मी करायचं काय? ...ती नळी माझ्या नजरेला आधी पडली असती ना, तर मीही बोललो नसतो."

"खरं?"

"खरं. आता मला तुमच्या बाबांना काहीतरी विचारायचंय. उद्या येतो, नीट शर्ट घालून."

"मी हितंच हाय, डॉक्टर," खुर्चीतून आवाज आला. "कान शाबूत हायेत माझे. आताच विचारा."

माजलेल्या रेड्याला इंजेक्शन देणारा तो माणूस उठला, चष्मा काढला आणि शर्टाला पुसतच राहिला.

तेजश्री त्याच्या शेजारी जाऊन उभी राहिली. पुन्हा आठवडाभर मनात ठेवून बसायची तिची तयारी नव्हती.

"बाबा, त्यांना नका तंगवू. मीच सांगते. मला हा माणूस पायजे."

नवनाथने चष्मा डोळ्यांवर चढवला, आणि इतक्या शनिवारांत पहिल्यांदाच, चोरून नव्हे, तिच्याकडे पोटभर पाहिलं.